दुसरी बॅटरी मागायला आलेली गाडी

निलंग्याकडचा एक तरुण वडिलांना घेऊन आमच्या लातूरच्या दुकानात आला, तो दुसरी बॅटरी मागतच. गाडी जुनी, डिझेलची, सात सीटची. मागे बारा इंची दोन वूफर, म्हणजे बासचे मोठे स्पीकर, आणि त्यांना ताकद देणारा एक मोनो ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प. बासचा ठोका पडला की हेडलाइट मिटमिटायचे, गाणं मध्येच तुटायचं, आणि रेस वाढवली की स्पीकरमधून कुंईऽऽ असा बारीक आवाज चढत जायचा. आधी एकानं बॅटरी बदलून दिली होती, दुसऱ्यानं डेक, म्हणजे डॅशबोर्डमधला गाणी वाजवणारा प्लेअर. आता कुणीतरी सांगितलेलं की एवढा लोड एका बॅटरीला झेपत नाही. खर्च सोयाबीनच्या पैशातून चाललेला, त्यामुळं वडिलांचा चेहरा उतरलेला होता.

"मामा, मोठ्यात मोठी बॅटरी टाका, पण हे बंद करा एकदाचं," पोरगा म्हणाला.

"बॅटरी देतो. आधी मीटर लावू दे."

साउंडवाल्या गाड्यांत सगळ्यांची नजर लाल वायरवर असते. पण प्लसमधून जेवढा करंट ॲम्पकडे जातो, तेवढाच बॉडीतून माघारी यावा लागतो. ही माघारीची बाजू म्हणजे अर्थ. कंपनी अर्थच्या वायरी टाकते त्या लाइट, हॉर्न, वायपर आणि सेल्फच्या हिशेबानं. डिकीतल्या ॲम्पचा विचार त्यात नसतो. या ॲम्पच्या खोक्यावर 3000 वॅट छापलेले, खरी, सतत देता येणारी ताकद, म्हणजे आरएमएस, 800. ॲम्पची कार्यक्षमता 80 टक्के धरली तरी तो हजार वॅट खेचणार, म्हणजे 13 व्होल्टला 75 अँपिअरच्या पुढं. एवढ्या करंटला वाटेत ओहमचा पन्नासावा हिस्सा जरी आडवा आला, तरी दीड व्होल्ट तिथंच जिरतो.

गाणं लावून मीटर बघण्यात उपयोग नसतो, आकडा नाचत राहतो. मी 50 हर्ट्झचा एकसुरी टोन लावला आणि इंजिन थोडं रेसवर ठेवायला सांगितलं. बॅटरीच्या टर्मिनलवर 13.1 व्होल्ट. ॲम्पच्या टर्मिनलवर 10.8. बॅटरी ठणठणीत, इंजिनवर फिरून तिला चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक, 2.3 व्होल्ट वाटेत कुठंतरी मरत होते. मग बॅटरीचा प्लस ते ॲम्पचा प्लस मोजलं: 0.5. बॅटरीचा निगेटिव्ह ते ॲम्पचा अर्थ: 1.8. हा आकडा मी पोराच्या वडिलांना मुद्दाम दाखवला. अर्थच्या बाजूला पाव व्होल्टच्या वर गेलं की मी थांबतो, इथं तर सातपट होतं.

मागची सीट काढली. ॲम्पचा अर्थ सीटच्या बोल्टखाली दाबलेला, थिंबलखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, कंपनीचा रंग जसाच्या तसा. हात लावला तर बोल्ट गरम. पण खरं काळजीत टाकलं ते डेककडून ॲम्पला गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए वायरीनं. तिच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडून वाकलं होतं. अर्थची मोठी वाट अडली की करंट मिळेल त्या वाटेनं निघतो, आणि इथं तो आरसीए वायरीभोवतीच्या तारांच्या जाळीतून डेकमध्ये शिरून माघारी जात होता. कुंई आवाज त्याचाच, आणि आधीचा डेकही बहुधा त्यानंच गेला असावा. नवा डेक त्याच रस्त्यावर होता.

पुढं बॉनेटखाली इंजिन आणि बॉडीमधली पट्टी बघितली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ही विणलेली पट्टी लागते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल तिच्यावर थापून बसला होता. ही माती ओल धरून ठेवते, सुकली तरी आतून दमट राहते. निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. ऊस आणि चिखलाच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत मला हे वरचेवर दिसतं.

ॲम्पकडे जाणारी प्लसची जाडजूड वायर ब्लेडनं खरवडली, तर आतून पांढरी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. शिवाय बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. ती वायर कुठं घासून बॉडीला टेकली असती, तर गाडीच पेटली असती. यावर मी पोराला स्पष्ट बोललो, आणि बोलायलाच हवं होतं.

काम करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडला. कंपनीच्या जुन्या वायरी काढल्या नाहीत. त्यांच्या जोडीला शुद्ध तांब्याच्या 35 चौरस मिलिमीटरच्या नव्या टाकल्या: बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी, आणि अल्टरनेटर ते बॅटरी प्लस. ही तिसरी फ्यूज लावून. थिंबल हायड्रॉलिक प्रेसनं दाबले, नुसत्या पक्कडीचं हे काम नाही. ॲम्पचा अर्थ हातभर लांबीचा घेतला. नवं भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून डिझेल आणि ब्रेकचे पाइप कुठून जातात ते बघितलं. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळून वरून ग्रीस. ॲम्पची प्लसची वायर मात्र बदलली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर 100 अँपिअरचा फ्यूज बसवला. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथं अर्थ थेट टर्मिनलला न लावता सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला लावायचा, नाहीतर चार्जिंगचा हिशेब चुकतो. या गाडीत ती अडचण नव्हती.

तोच टोन पुन्हा लावला. बॅटरीवर 13.2, ॲम्पवर 12.8. अर्थच्या बाजूला 0.2. कुंई आवाज गेला, हेडलाइट स्थिर. इंजिन आयडलवर असताना मात्र अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही, तेव्हा उभ्या गाडीत तासन्‌तास वाजवलं तर बॅटरी उतरणारच, हेही सांगून ठेवलं. दुसऱ्या बॅटरीचा विषय तिथंच संपला.

पैसे देताना पोराचे वडील, अप्पा, म्हणाले, "आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ सकाळी उचलत न्हाई. बॅटरी नवीच हाय. त्याचंबी आसंच आसंल का?"

"असू शकतं. घेऊन या. तुम्ही सेल्फ मारा, मी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि इंजिनवर मीटर लावतो. अर्धा व्होल्ट जरी दिसला तर आधी पट्टी बदलू, बॅटरीला हात लावणार नाही."