लेन तीन आणि लेन चार

सकाळी सातच्या आधीच बट पार्टी, म्हणजे टार्गेट दाखवणारी माणसं, खंदकात उतरली होती आणि आम्ही ताडपत्रीखाली राउंडच्या, म्हणजे गोळ्यांच्या, पेट्या उघडत होतो. जूनचा शेवटचा आठवडा. रेंजवर तांबड्या मातीचा नुसता राडा. मी तेव्हा एका पायदळ तुकडीबरोबर आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं गाव. खानापूर, चंदगड, निपाणीकडे प्रत्येक वाडीत एखादा तरी पेन्शनर असतोच, आणि रायफलीबद्दल त्याचं ठाम मत असतं. जुन्यांचा जीव त्यांच्या वेळच्या एसएलआर रायफलीवर. नव्या पोरांना एके-47 हवी. मधल्या इन्सासबद्दल, म्हणजे तेव्हा आमच्याकडे असलेल्या रायफलीबद्दल, चांगलं बोलणारा मला क्वचितच भेटला. कारगिलमध्ये, 1999 साली, थंडीत तिची गोळ्या भरायची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या. तो डाग तिला कायमचा चिकटला.

त्या दिवशी 100 मीटरवर पाच-पाच राउंडचं ग्रुपिंग होतं, म्हणजे गोळ्या एकाच जागी बसतात का ते बघायचं. पहिल्याच डिटेलमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या पहिल्या खेपेत, लेन सहाला रुकावट आली, रायफल अडली. पोरानं फौरी इलाज, म्हणजे जागच्या जागी झटपट उपाय, केला, पुन्हा तेच. मी मॅगझिन काढून बघितलं; तोंडाच्या कडेला चिखल आणि एक बाजू जराशी उकललेली. दुसरं मॅगझिन दिलं, रायफल निमूट चालली. ते प्रकरण तिथंच मिटलं.

खरा घोळ लेन तीन आणि चारला होता. तीनवर खानापूरकडचा पोरगा, चारवर अथणीचा. घरात कन्नड, आमच्याशी स्वच्छ मराठी. दोघांच्याही गोळ्या मधल्या ठिपक्यापासून लांब. सुबेदार साहेब म्हणाले, "दोघांची पकड ढिली आहे, परत झोपवा." मागून कोणीतरी बोललं, "इन्सासच ती, दुसरं काय होणार!"

मला दोन्ही पटेना. टार्गेटपाशी जाऊन पंजा ठेवून बघितला. तीनच्या पाचही गोळ्या पंज्याखाली झाकल्या. चारच्याही. पकड ढिली असती, ट्रिगर ओढताना हात हिसकला असता, तर भोकं विखुरली असती. नळी झिजली असती तरी विखुरलीच असती. इथं पोरं एकाच जागी मारत होती, फक्त ती जागा चुकीची होती. तीनचा ग्रुप एक वीत वर-उजवीकडे. चारचा एक वीत खाली-डावीकडे.

साहेबांनी फोरसाइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, हलवायला सांगितलं. मी त्यासाठीचं अवजार हातातही घेतलं होतं. पण शेजारशेजारच्या दोन रायफली एकाच मापानं बरोबर उलट्या दिशांना चुकतात, हे मनाला टोचत राहिलं. योगायोगानं असं होत नाही.

इन्सासची बॅकसाइट, म्हणजे नेमाची मागची खूण, रायफलीच्या वरच्या कव्हरच्या, म्हणजे निघणाऱ्या झाकणाच्या, मागच्या टोकावर असते. दोन साइटमध्ये सुमारे अर्ध्या मीटरचं अंतर. म्हणजे मागची साइट एक मिलिमीटर सरकली की 100 मीटरवर गोळी वीसेक सेंटिमीटर सरकणार. पत्र्याची दोन कव्हरं तंतोतंत सारखी कधीच बसत नाहीत. प्रत्येक रायफल तिच्या स्वतःच्या कव्हरसकट झिरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली, असते.

मी अथणीच्या पोराला विचारलं, "काल रायफल कुठं साफ केलीस?"

"बराकीत उस्ताद, ह्याच्याशेजारी. एकाच घोंगडीवर."

"लाइट होती?"

"मध्येच गेली होती."

दोन्ही कव्हरं काढली. आम्ही आतून लाल रंगानं रायफलीचा नंबर घालत असू. एकावरचा पार पुसलेला, दुसऱ्यावर शेवटचे दोन आकडे कसेबसे दिसत होते. ते चारवरच्या कव्हरवर होते आणि तीनच्या रायफलीचे होते. आठवड्यापूर्वीच या रायफली माझ्या हाताखालून गेल्या होत्या आणि रंग उडालेला मी बघितला होता. पुढच्या वेळी घालू म्हणून सोडला. त्यापायी दोन चांगल्या नेमबाजांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं, आणि तसं मी साहेबांना तिथंच सांगितलं.

फोरसाइट हलवली असती तर त्या दिवशी गोळ्या मध्यावर आल्या असत्या. मग कधीतरी साफसफाईत कव्हरं आपापल्या जागी गेली असती आणि दोन्ही रायफली पुन्हा चुकल्या असत्या.

कव्हरं बदलली. पाच-पाच राउंड परत. आता बट पार्टीनं दाखवलेली दोन्ही टार्गेटं बघून साहेबांनी खानापूरच्या पोराच्या पाठीवर हात ठेवला.

चहाच्या वेळी तोच पोरगा जवळ आला. "उस्ताद, एके असती तर?"

प्रश्न चांगला होता. एकेची बॅकसाइट कव्हरच्या पुढं, नळीच्या बाजूला पक्की बसवलेली. तिचं कव्हर खुळखुळलं, बदललं, तरी नेमाला धक्का लागत नाही. आत भागांमध्ये मोकळीक जास्त, पिस्टन जड, म्हणून काजळी आणि धूळ ती पुष्कळ पचवते. घट्ट चिखल आत गेला तर मात्र तीही अडते. ती कशातही चालते म्हणणाऱ्यांनी हा तांबडा चिखल बघितलेला नसतो. पण तिच्या दोन साइटमधलं अंतर कमी, गोळीचा वेग सेकंदाला 715 मीटरच्या आसपास, इन्सासचा 900. एकेचे माझ्या हातून 100 मीटरवर झालेले ग्रुप पंज्याखाली क्वचित मावले. आणि 300 मीटरवर तिची गोळी बरीच जास्त खाली येते.

"म्हणजे चांगली कुठली?" अथणीच्या पोरानं विचारलं.

मी म्हटलं, काश्मीरच्या एखाद्या गल्लीत, दहा दिवस साफसफाईला सवड नसताना, मी एके मागीन. समोरच्या टेकडीवर 300 मीटरवर एकच माणूस दिसत असेल तर तुझी हीच इन्सास मागीन, तिच्या स्वतःच्या कव्हरसकट. आणि एसएलआर? तिची गोळी दणकट, मारा लांबचा, बॅकसाइट बॉडीवरच. पण गॅस रेग्युलेटर, म्हणजे गोळीमागच्या वायूचा जोर कमी-जास्त करणारा भाग, ज्याला नीट लावता येतो त्याच्याच हातात ती शोभते. दोघंही वाकून माझ्या हातातलं कव्हर बघत होते. साइटवर बोट ठेवून ते हलतं का, हे अथणीचा पोरगा आपणहून चाचपत होता.

संध्याकाळी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, सगळी कव्हरं काढून टेबलावर मांडली. लाल रंगाचा डबा उघडला. ती दोन पोरं मदतीला आली होती. एक नंबर वाचत होता, दुसरा ताडून बघत होता, मी घालत होतो. बाहेर पाऊस चालूच होता. रंग वाळायला रात्रीचे दहा वाजले.