नवीन पटाशीला धार लावून घ्यावी लागते

मागच्या दिवाळीत आईचा पूजेचा चौरंग हलायला लागला, तेव्हाच ठरवलं की तसाच नवीन आपल्या हाताने करायचा. सुतारकामातलं काहीच येत नव्हतं, मग काय, ऑनलाईन सहा पटाश्यांचा (लाकूड कोरायच्या छिन्न्यांचा) सेट मागवून टाकला, 6 मिमी रुंदीपासून 32 पर्यंत, छान लाकडी पेटीतला. नवीन शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, सेट घेऊ नका. आजपर्यंत मी दोनच वापरल्यात, 12 ची आणि 25 ची, म्हणजे मिस्त्री लोक ज्यांना चार सूत आणि एक इंची म्हणतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तेवढ्या पैशात दोन चांगल्या पटाश्या, धारेचा दगड आणि काटकोन तपासायचा गुण्या असं सगळं आलं असतं.

पहिल्याच दिवशी सागाच्या तुकड्यात खोबण पाडायला बसले तर पटाशी आत जाईना, लाकूड कापलं न जाता चेचलं जात होतं आणि कडा फाटत होत्या. नवीन आहे म्हणजे धार असणारच असं धरून मी मोगरीच (लाकडी हातोडा) जोरात मारत राहिले. मग कोणीतरी म्हणालं धार लावून आण, म्हणून जवळच्या एका वेल्डिंगवाल्याकडे दिली, त्याने ग्राइंडरवर धरून दोन मिनिटांत परत दिली, टोकाला निळा जांभळा पट्टा उमटलेला. चार घाव मारले तर धार दुमडलीच. पोलाद एवढं तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, आणि निळा झालेला तो सगळा भाग नंतर मला हाताने, पाण्यात बुडवत बुडवत, घासून काढावा लागला.

खरी गोष्ट सांगितली ती आमच्या बिल्डिंगमध्ये फर्निचरच्या कामाला आलेल्या मिस्त्रीकाकांनी. त्यांनी पटाशी हातात घेतली, उलटी केली आणि पाठ खिडकीच्या उजेडात धरली. म्हणाले, "ताई, हिची पाठच सरळ नाही, धार कुठनं लागणार?"

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. धार म्हणजे दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ, उताराची बाजू कितीही घासा, पाठीवर कारखान्यातल्या मशीनचे ओरखडे असतील तर तेच ओरखडे धारेवर दात होऊन येतात. मग काचवाल्याकडून 8 मिमी जाडीचा काचेचा तुकडा आणला, त्यावर पाणी मारून पॉलिश पेपर चिकटवला, आधी 220 नंबरचा, मग 400, 800, शेवटी सगळ्यात बारीक 1500. पाठीवर मार्करने रंगवायचं आणि घासायचं, जिथे शाई राहते तिथे खोलगट आहे. अख्खी पाठ करायची गरज नाही, टोकाकडचा इंचभर पुरतो, तरी एका पटाशीला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी रात्री त्या इंचभरात ट्यूबलाईट स्पष्ट दिसायला लागली, तो क्षण मी विसरणार नाही.

नंतरचं सोपं आहे. उतार 25 अंशाचा ठेवला आणि अगदी टोकाला 30 चा, कारण सागात नुसती 25 ची धार माझी झडत होती. कोन धरायला चाकाचं छोटं गाईड घेतलं, त्यात पटाशी 40 मिमी बाहेर काढली की 25 अंश येतो, 30 मिमी काढली की 30. दर वेळी मोजायला नको म्हणून एका फळीवर तेवढ्या अंतरावर दोन ठोकळे ठोकून ठेवलेत. घासल्यावर पाठीवरून बोट धारेकडे न्यायचं, पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली तरच पुढच्या पेपरवर जायचं, एका कोपऱ्यात जरी लागली नाही तरी त्याच पेपरवर घासत राहायचं. शेवटी पाठ सपाट ठेवून ती खरखर काढायची आणि जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा मागे ओढायची.

लाकूड तासून सपाट करायचा रंधा मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला, चार नंबरचा लोखंडी. त्याच्या पात्यालाही हेच सगळं केलं, वरून फक्त पात्यावरची लोखंडी पट्टी धारेपासून जेमतेम 1 मिमी मागे बसवली. पट्टी आणि पात्यात फट राहिली की साल अडकते, ते आधी बघा. करवत एकच घेतली, ओढताना कापणारी बारीक दातांची, तिला काही करावं लागलं नाही.

सागात सिलिका असते, त्याने धार लवकर जाते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी काम थांबवून पट्ट्यावर फिरवते, आधी याचा कंटाळा यायचा, आता हात आपोआप जातो.

काल चौरंगाच्या तिसऱ्या पायाची खोबण केली. आडव्या पट्टीचं कूस, म्हणजे खोबणीत बसणारं टोक, हाताने दाबून आत गेलं, मोगरी लागलीच नाही. चौथा पाय रविवारी.