आतल्या रानाला वाट: दोघांच्या बांधावरून दहा फूट

डांबरी रस्त्यापासून एक रान आत असलेला ऊस आपल्या तारखेला तुटत नाही. कारखान्याकडे लागण नोंद जुलैची असली, क्रमपाळीत (कारखान्याच्या तोडणीच्या यादीत) नंबर आला असला, तरी पुढच्यांचा फड मोकळा झाल्याशिवाय ट्रॉली आत येत नाही. तोवर आडसाली (पावसाळ्यात लावलेला, वर्षाहून जास्त मुदतीचा) ऊस सोळा-सतरा महिन्यांवर जातो, तुरा येतो, वजन घटतं. शिवाय 'रान आत हाय' म्हणून ऊसतोड टोळीला आणि ट्रॅक्टरवाल्याला जादा खुशाली (वरचे पैसे) द्यावी लागते. करवीर तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानाची हीच अडचण होती. पुढच्या दोन शेजाऱ्यांच्या सामाईक बांधावरून ३३० फूट लांब आणि १० फूट रुंद वाट आम्ही संमतीने करून घेतली. ते कसं केलं, ते क्रमाने लिहितो.

आधी नकाशा बघितला. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. तुमच्या रानाकडे अशी रेषा येत असेल तर ती वाट आधीपासूनच आहे. ती मोकळी करून घ्यायची असते, नवी मागायची नसते. बऱ्याच पाणंदी (रानात जायच्या जुन्या वाटा) दोन्ही बाजूंनी सरी सरी पुढे सरकत गेल्यामुळे बुजल्या आहेत, आणि मालकांनाही ते ठाऊक नसतं. आमच्याकडे अशी रेषा नव्हती. म्हणून आमच्या आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या गटांचे डिजिटल सहीचे सातबारे काढले. एका सातबाऱ्याला पंधरा रुपये लागतात. ते मुख्यतः नावांसाठी काढायचे. रान कसणारा एक असतो आणि सातबाऱ्यावर चार नावं असतात, त्यात दिल्या घरी गेलेल्या बहिणीही असतात. फक्त कसणाऱ्याची सही घेतली तर तो कागद पुढे टिकत नाही.

बोलायला जाण्याआधी दोरी लावली. तीस मीटरचा टेप, नायलॉनची दोरी आणि दर तीस फुटांवर बांबूची खुंटी. 'दहा फूट द्या' म्हटलं की ऐकणाऱ्याला अर्धं रान गेल्यासारखं वाटतं. हिशोब मांडला की चित्र बदलतं. मधला बांध दोन फुटांचा आहे, तो वाटेतच जातो. उरलेले आठ फूट दोघांत विभागले की प्रत्येकाचे चार फूट. आमच्याकडे सरी साडेचार फुटांची, म्हणजे प्रत्येकाची जेमतेम एक सरी जाते. ३३० गुणिले ४, म्हणजे १३२० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सव्वा गुंठ्याला थोडं कमी. एकरी ४५ टनांचं रान धरलं तर वर्षाला सव्वा ते दीड टन ऊस. शेजाऱ्याचं नुकसान नेमकं एवढं आहे, आणि ते आपणच आधी बोलून दाखवावं. त्याने काढून दाखवायची वेळ आणू नये.

बोलणं रानातच करावं, बांधावर उभं राहून. चावडीत किंवा चहाच्या टपरीवर चार माणसांत विषय काढला की समोरच्याला नाही म्हणावंच लागतं. तोडणी चालू असतानाही काढू नये, तेव्हा सगळ्यांचीच घाई असते. फड मोकळा झाल्यावर, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला) खत पडायच्या आधी बोलावं. आम्ही दोघांकडे आधी वेगवेगळे गेलो, मग एकत्र बसलो. 'तात्या, तुमच्या बांधानं वाट मागायला आलोय. दोरी लावलीय, एकदा बघा आणि मग काय ते सांगा,' एवढीच सुरुवात.

नकार येतो तो बहुधा जमिनीसाठी नसतो, त्यामागे दुसऱ्या तीन भीती असतात. पहिली पाण्याची. वाट उंच झाली की ती धरणासारखं काम करते, वरच्या रानातलं पाणी अडतं आणि ऊस पाण्यात उभा राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात पंचगंगा फुगली की ओढ्याचं पाणी उतरायलाच आठवडा लागतो, त्यामुळे ही भीती अगदी खरी आहे. दुसरी पाइपलाइनची. बांधाशेजारून नदीवरून आलेली पीव्हीसी लाइन जाते, ती भरलेल्या ट्रॉलीखाली फुटते. तिसरी भीती हक्काची. आज वाट दिली, उद्या हा मालकी सांगेल. या तिन्हींवर तोंडी हमी पुरत नाही. काय करणार ते खुंटीवर दाखवावं लागतं आणि कागदात लिहावं लागतं.

मोबदल्यात आम्ही तीन गोष्टी दिल्या. एका शेजाऱ्याला आमच्या पाइपलाइनवर पाण्याचा एक व्हॉल्व्ह काढून दिला, पाळी ठरवून. दुसऱ्याला दर वर्षी दीड टन उसाचे पैसे, त्या वर्षीच्या दराने. आणि वाटही दोघांची, त्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्याही तिथूनच जाणार. सव्वा गुंठा विकत घेऊन टाकावा असं पुष्कळांना वाटतं, पण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढा तुकडा सरळ खरेदी होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीचं काम मागे लागतं. वाटेचा हक्क लिहून घेणं सोपं आणि पुरेसं आहे.

करारनामा पाचशेच्या स्टॅम्पवर केला आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवला. नोंदणी यासाठी की उद्या शेजाऱ्याने रान विकलं तर घेणाऱ्यालाही वाट मान्य करावी लागते. नुसत्या नोटरीच्या कागदावर तो हात झटकू शकतो. कागदात गट नंबर, वाटेची लांबी-रुंदी, चतुःसीमा आणि हाताने काढलेला नकाशा घातला. जमिनीची मालकी शेजाऱ्याचीच राहील, वाट फक्त शेतीच्या वाहतुकीसाठी, मोऱ्या (वाटेखालून पाणी जायचे पाइप) आणि दुरुस्ती आमच्याकडे, लाइन फुटली तर खर्च आमचा, हेही लिहिलं. मालकीचं वाक्य पहिल्याच कलमात घेतलं, आणि त्यावरच दुसऱ्या शेजाऱ्याने सही केली. मे २०२५ च्या शासन निर्णयाप्रमाणे शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद धरतात आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेतात. दहा फूट म्हणजे तीन मीटरच. त्या नोंदीसाठीही अर्ज द्यावा.

संमती मिळालीच नाही तर कायद्याचे दोन रस्ते आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज. हे कलम बांधावरून जाण्याच्या हक्काचं आहे, म्हणून मागणी बांधावरूनच करायची. रानाच्या मधून मागितली की अर्ज तिथेच कमकुवत होतो. सोबत सातबारे, कच्चा नकाशा, लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते, आणि आधी दावा चालू असेल तर त्याचे कागद. मग नोटिसा निघतात, स्थळपाहणी आणि पंचनामा होतो, आणि आदेश येतो. तो मान्य नसणाऱ्याला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. चालू असलेली वाट कुणी नांगरली किंवा काटे टाकून अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. तिथे अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. 'बोलून मिटेल' म्हणत बसले की ही मुदत हातातून जाते. बोलणी चालू ठेवावीत, पण अडवल्याची तारीख लिहून ठेवावी आणि पाचव्या महिन्याच्या आत अर्ज टाकावा.

आता प्रत्यक्ष काम. फेब्रुवारी-मार्चमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आधी संपवावं. काळ्या मातीवर थेट मुरूम टाकला तर पहिल्या पावसाळ्यात तो खाली बसतो आणि वर चिखल येतो. म्हणून नऊ इंच माती काढली. ती जवळपास २५ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघाली आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या रानात पसरून दिली. तेवढीच नऊ इंच दगडाची सोलिंग, म्हणजे पुन्हा २५ ब्रास. दगड उभे लावायचे, फटीत बारीक दगड ठोकायचे. त्यावर चार इंच मुरूम, मापाने ११ ब्रास, पण दबून कमी होतो म्हणून १४ मागवला. मुरूमवाल्याकडून रॉयल्टीची पावती घ्यावी, नाहीतर ट्रॉली वाटेत अडते. पाणी मारून, भरलेली ट्रॉली वरून फिरवून दाबला. मधोमध दोन इंच उंच, दोन्ही कडांना उतार. वाट रानापेक्षा चार इंचांवर जाऊ दिली नाही.

मोऱ्या दोन घातल्या, तीनशे मिलिमीटरच्या सिमेंट पाइपच्या. पाइप अडीच मीटरचा येतो. एका मोरीला दोन जोडले की पाच मीटर होतात, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट बाहेर. एनपी-२ (एनपी ही सिमेंट पाइपच्या मजबुतीची प्रत) स्वस्त पडतो, पण भरलेल्या डबल ट्रॉलीखाली तडकतो. एनपी-३ घ्यावा, आणि वर दीड-दोन फूट भराव हवा. पहिली मोरी आमची चुकली. पाइपचा तळ चरीच्या तळापेक्षा वर राहिला आणि वळिवाच्या पहिल्याच पावसात वरच्या बाजूला पाणी तुंबलं. दुसऱ्या दिवशी उकरून पाइप चरीच्या तळाखाली दोन इंच बसवला. शेजाऱ्याची पहिली भीती हीच होती, म्हणून ते काम एक दिवसही पुढे ढकललं नाही. पाइपलाइन जिथे वाट ओलांडते तिथे ती मोठ्या सिमेंट पाइपातून ओवून घेतली. गळती लागली तर वाट न उकरता नळी बाहेर ओढता येते.

रस्त्याच्या तोंडाशी दहा फूट पुरत नाहीत. डबल ट्रॉलीची मागची चाकं आतून कोपरा कापतात आणि शेजाऱ्याची पहिली सरी चिरडतात. तिथे वीस फूट मोकळे ठेवावे लागले, तेही करारात घेतले. वर तार झुकलेली असेल तर हंगामाआधीच वायरमनला सांगून ओढून घ्यावी, भरलेल्या ट्रॉलीची उंची विसरू नये.

दर वर्षी दसऱ्याच्या आसपास, कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी, मोऱ्यांतला गाळ काढतो, खड्ड्यांत ट्रॉलीभर मुरूम टाकतो आणि कडेच्या खुंट्या दोन्ही शेजाऱ्यांसोबत पुन्हा मोजतो.