गच्चीवरचं तडकलेलं पॅनल

मागच्या वादळात झाडाची एक मोठी फांदी तुटून आली ती नेमकी आमच्या सोलरच्या एका पॅनलवर पडली. काच खाली पडली नाही पण कोळ्याच्या जाळ्यासारखी या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकली. बसवून देणाऱ्यांना फोन केला, ते आले, नवीन लावलं, जुनं काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि सामान आवरायला लागले. मी म्हटलं अहो हे पण घेऊन जा ना, तर म्हणाले आम्ही जुनं परत घेत नाही मॅडम. भंगारवाल्याला विचारलं तर तो म्हणे कडेची अॅल्युमिनियमची चौकट काढून द्या ती घेतो, वायरी घेतो, मधल्या काचेचं मात्र तुमचं तुम्ही बघा. झालं, ते पॅनल अजून तिथेच आहे, आणि रोज कपडे वाळत घालायला वर गेले की ते दिसतं आणि डोक्यात तेच सुरू होतं.

शाळेत आपल्याला दोन रकाने करायला लावायचे आठवतंय का, पारंपरिक ऊर्जास्रोत आणि अपारंपरिक ऊर्जास्रोत, आणि दुसऱ्या रकान्यात सूर्य, वारा, पाणी, भरती-ओहोटी, बायोगॅस लिहून पुढे 'प्रदूषण होत नाही' असं लिहिलं की मार्क मिळायचे. ते वाक्य मी किती वर्षं खरं धरून चालले होते. आणि दुसऱ्या बाजूला माझा मामेभाऊ, तो मला दर आठवड्याला एक व्हिडिओ पाठवतो, ताई हे बघ, सोलर पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मभरात परत देत नाही, पवनचक्क्या पक्षी मारतात, बॅटरीसाठी लहान मुलं खाणीत राबतात, त्यापेक्षा कोळसा काय वाईट. या दोन्ही गोष्टींनी मला सारखाच त्रास होतो. पहिलीत डोळे मिटलेले असतात, आणि दुसरीत काही खऱ्या गोष्टी उचलून त्यातून साफ चुकीचा निष्कर्ष काढलेला असतो. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आधी पॅनलचंच घेऊ. पॅनलमधला सोलर सेल, म्हणजे उन्हाची वीज करणारी चकती, बनतो सिलिकॉनचा, म्हणजे मुळात दगडाचाच, क्वार्ट्झ. तो कोळसा नाहीतर लोणारी कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापवून त्यातला ऑक्सिजन काढतात, मग जे सिलिकॉन मिळतं त्याचा वायू करून शुद्ध करतात, मग ते परत १,४१४ अंशांच्या वर वितळवून त्याचा स्फटिक वाढवतात आणि त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापतात. प्रत्येक पायरीला प्रचंड वीज. आणि जगातलं बहुतेक सगळं असं सिलिकॉन चीनमध्ये बनतं, तिथल्या ग्रिडमध्ये अजूनही कोळशाची वीज भरपूर, म्हणजे माझ्या गच्चीवरच्या 'स्वच्छ' पॅनलच्या जन्मात कोळसा आहेच, भट्टीत पण आणि विजेत पण. इथपर्यंत मामेभाऊ बरोबर आहे. पण पुढचा हिशोब तो करत नाही. ही सगळी लागलेली ऊर्जा पॅनल साधारण एक ते दोन वर्षांत फेडून टाकतं, ऊन किती मिळतं त्यावर थोडं इकडेतिकडे, आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं देतच राहतं. तो व्हिडिओवाला दावा कदाचित अगदी जुन्या काळातून आलाय. १९५४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा तो पडलेल्या उन्हातल्या जेमतेम ६ टक्क्यांची वीज करायचा. आता साधी घरगुती पॅनल्सही २० टक्क्यांच्या वर जातात आणि चकत्याही कितीतरी पातळ झाल्यात.

२०१४ च्या आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) अहवालात एक तक्ता आहे तो मला फार आवडतो, कारण त्यात नुसता धूर धरलेला नाही, खाणीपासून मोडीत काढेपर्यंत सगळं धरलंय. एका युनिट विजेमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड (किंवा तेवढाच तापवणारा दुसरा वायू) तर कोळसा ८२०, नैसर्गिक वायू ४९०, छपरावरचं सोलर ४१, जमिनीवरची पवनचक्की ११. शून्य कोणालाच नाही. पण ८२० आणि ४१ मध्ये वीसपट फरक आहे, आणि ते आकडेही आता जुने झालेत. त्यामुळे 'सगळे सारखेच' असं कोणी म्हणालं की मी हा तक्ता पाठवते.

पण नुसता कार्बन मोजला की बाकीचं दिसेनासं होतं, आणि मला लिहायचं होतं ते त्या बाकीच्याबद्दल.

पवनचक्क्यांचं बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, त्यामुळे कंपन्यांना हवा असतो तो डोंगराचा कडा, घाटमाथा, खिंड, जिथे वारा कोंडून जोरात येतो. आणि गरुड, घारी, गिधाडं यांनाही तीच जागा हवी असते, कारण वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता तरंगता येतं. दोघांना एकच डोंगर आवडतो ही सगळी अडचण आहे! कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट पासमध्ये १९८० च्या दशकात हजारो छोट्या पवनचक्क्या दाटीवाटीनं उभ्या केल्या, पक्ष्यांचा विचार न करता, आणि सोनेरी गरुड मरायला लागले. नंतर तिथे जुन्या काढून त्यांच्या जागी थोड्याच पण मोठ्या बसवायला घेतल्या. नॉर्वेत स्मोला बेटावर तर एक अगदी साधी गोष्ट करून पाहिली, तीन पात्यांपैकी एक पातं काळं रंगवलं, म्हणजे फिरताना पक्ष्याला ते नुसतं धूसर न दिसता काहीतरी हलतंय हे कळावं. तिथे मरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास कमी झालं. प्रयोग चारच पवनचक्क्यांवरचा होता, लहान होता, पण एक रंगाचा डबा आणि इतका फरक, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

आणि पात्यांपेक्षाही तारा. याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सोलर आणि पवनचे मोठे प्रकल्प उभे राहतात ओसाड वाटणाऱ्या माळावर, तिथून वीज न्यायला उच्च दाबाच्या तारा लागतात, आणि माळढोकसारखा पक्षी, वजनानं जड, डोळे डोक्याच्या बाजूला त्यामुळे समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळच मिळत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकांसाठी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश बराच सैल केला. जगात हा पक्षी उरलाय दीडशेच्या आसपास. 'पडीक जमीन' हा शब्द मला म्हणूनच खटकतो, ती कोणासाठी तरी पडीक नसते.

आता पाणी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लपवाछपवी इथे आहे, कारण धरण दिसायला इतकं शांत असतं. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलात बालबिना नावाचं धरण आहे, १९८० च्या दशकातलं. त्यानं सुमारे २,३६० चौरस किलोमीटर जंगल बुडवलं आणि त्याची क्षमता किती, तर २५० मेगावॉट. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाचा जलाशय त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि क्षमता २२,५०० मेगावॉट. (तिथे १३ लाखांच्या आसपास माणसं उठवली, ते वेगळंच दुःख, ते या तक्त्यात कुठेच बसत नाही.) बालबिनात झाडं न तोडता तशीच पाण्याखाली गेली, सपाट प्रदेश म्हणून पाणी उथळ पसरलं, खाली सगळं कुजत राहिलं, आणि ऑक्सिजन नसताना कुजलं की मिथेन निघतो, जो वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपट तापवतो. एवढं होऊन त्या विजेलाही आपण अक्षय ऊर्जाच म्हणणार. जंगलातल्या टेकड्यांची हजारो बेटं झाली आणि लहान बेटांवरचे मोठे प्राणी-पक्षी हळूहळू नाहीसे झाले, बेटावर झाडं उभी आहेत, हिरवं दिसतं, पण आत कोणी नाही. धरण एकच तंत्र आहे, टर्बाइन तेच, पण खोल अरुंद दरीत बांधलं तर एक गोष्ट होते आणि सपाट जंगलात बांधलं तर दुसरीच.

उलटी गोष्टही सांगते. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची वीज बनवणारी चार धरणं २०२४ पर्यंत पाडून टाकली. तिथल्या आदिवासी लोकांनी त्यासाठी कितीतरी वर्षं लढा दिला होता. आणि शेवटचं धरण गेल्यावर काही आठवड्यांतच सॅल्मन मासे (समुद्रातून नदीत वर जाऊन अंडी घालणारे) पार वरच्या भागात पोचले, जिथे ते शंभरेक वर्षांत गेले नव्हते. म्हणजे वीज बनते एवढ्यावर धरण राहिलंच पाहिजे असं नाही, त्या नदीत काय गमावलं हेही तोलून बघता येतं.

भरतीच्या विजेचं तेच. फ्रान्समध्ये ला रान्सला १९६६ पासून २४० मेगावॉटचा प्रकल्प चालू आहे, उत्तम चालतो, पण बांधताना खाडीचं तोंड तीनेक वर्षं बंद ठेवलं होतं, आतलं सगळं जीवन कोलमडलं आणि सावरायला दहाएक वर्षं गेली. भूगर्भातल्या उष्णतेचं तर जवळजवळ काहीच वाईट नाही असं मला वाटायचं, १९०४ मध्ये इटलीत लार्देरेल्लोला जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले तिथपासूनची ही गोष्ट, पण खोल खडकात दाबानं पाणी सोडल्यामुळे २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये जमीन हादरली आणि तो प्रकल्पच बंद झाला, आणि २०१७ मध्ये दक्षिण कोरियात पोहांगला ५.५ चा भूकंप झाला, माणसं जखमी झाली, घरं पडली.

जैवइंधनाबद्दल मी थोडक्यात आणि स्पष्ट लिहिते. शेणाचा, ओल्या कचऱ्याचा गॅस करणं वेगळं, ते कुजणारच होतं. पण इंडोनेशियातली दलदलीची जंगलं जाळून, वाळवून तिथे पामची लागवड करायची आणि त्या तेलाचं डिझेल गाडीत घालून त्याला हिरवं म्हणायचं, हे मला मान्य नाही. उभी झाडं तोडून विजेसाठी जाळणंही नाही. झाड परत वाढेल हो, पण पन्नास वर्षांनी, आणि धूर आज होतो.

आणि ही वीज साठवायच्या बॅटऱ्या. इथे मामेभावाचा मुद्दा सगळ्यात टोचतो कारण तो खरा आहे. जगातल्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांच्या आसपास काँगोमधून येतं, आणि तिथल्या हातानं खणल्या जाणाऱ्या खाणींमध्ये मुलं काम करतात हे कितीदा तरी समोर आलंय. चिलीच्या आटाकामा वाळवंटात, आधीच जिथे पाणी नाही तिथे, जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवतात आणि त्यातून लिथियम काढतात. हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याला मी एवढंच म्हणते की अरे, याच गोष्टी ओरडून सांगितल्या गेल्या म्हणूनही कोबाल्ट अजिबात न लागणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या इतक्या वेगानं पुढे आल्या. कोळशाला असा पर्याय देता येतो का? कोळसा जगात वर्षाला ८०० कोटी टनांच्या वर लागतो, दरवर्षी, कारण तो जाळला की संपला, पुढच्या वर्षी परत तेवढाच डोंगर फोडायचा, परत तेवढीच राख, तेवढाच पारा हवेत. लिथियम, तांबं, चांदी जळत नाही. ते यंत्रात बसून राहतं आणि यंत्र मेलं तरी तिथेच असतं, काढून परत वापरता येतं.

माझ्या डोक्यात हा फरक बसायला बराच वेळ लागला. कोळशाचं नुकसान रोजचं आहे, वीज हवी तर ते होणारच. सोलर, पवन, पाणी यांचं नुकसान बहुतेक सगळं एकदाच ठरतं, कुठे उभारायचं, कोणाला विचारून, कशापासून बनवायचं आणि शेवटी कोण उचलणार. म्हणजे ते टाळणं आपल्या हातात असतं, फक्त ते आधी करायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना घाई झालेली असते. म्हणून मला वाटतं या ऊर्जेवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनीच तिच्या खोडी सगळ्यात मोठ्यानं सांगायला हव्यात. नाहीतर त्या सांगायचं काम मामेभावाच्या व्हिडिओंकडे जातं.

तर ते पॅनल. त्याच्या वजनातला तीन-चतुर्थांश भाग नुसती काच, मग चौकटीचं अॅल्युमिनियम, थोडं सिलिकॉन, तांबं, केसासारख्या रेषांमध्ये चांदी, आणि सांध्यांमध्ये किंचित शिसं. हे सगळं प्लास्टिकच्या थरांनी असं चिकटवलेलं असतं की पाऊस-ऊन तीस वर्षं आत शिरू नये, आणि म्हणूनच ते सहज सुटंही करता येत नाही, भंगारवाल्याची काही चूक नाही त्यात. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेनं २०१६ मध्ये अंदाज काढला होता की २०५० पर्यंत जगात अशी ७.८ कोटी टन पॅनल्स मोडीत निघू शकतात. युरोपात २०१२ पासून कायदाच आहे, ज्यानं विकलं त्यानं परत घ्यायचं.

मी चौकट काढून दिली नाही. चौकट काढली की तडकलेल्या काचेचा आधार जातो आणि मग ते कोणीच हातात घेणार नाही. तडकलेलं पॅनलसुद्धा उन्हात वीज करतं, त्यामुळे तोंड भिंतीकडे केलंय, वायरींची टोकं टेपनं बंद केलीत, वरून जाड ताडपत्री टाकलीय म्हणजे पावसाचं पाणी फटींतून शिसं घेऊन खाली यायला नको. आणि बसवून देणाऱ्यांना मेल केलाय की या नव्या पॅनलचं आयुष्य संपेल तेव्हा ते कोण नेणार हे मला लेखी हवंय. अजून उत्तर आलेलं नाही, सोमवारी परत फोन करणार आहे.