अंदमान: बीच निवडताना भरतीची वेळ बघाच (माझा अनुभव)

अंदमानहून येऊन महिना झाला तरी त्या दादरच्या ट्रॅव्हल एजंटचा राग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतेय.

विमान, हॉटेल, फेरी सगळं पटापट झालं. अडलं ते कुठल्या बीचवर किती वाजता जायचं यावर. मी अडतिसाव्या वर्षी शिवाजी पार्कच्या टँकवर पोहायला शिकले, लेक माझ्या आधी शिकली, त्यामुळे आम्हाला नुसते फोटो काढून परत यायचं नव्हतं, पाण्यात उतरायचं होतं. आणि एजंटच्या कागदावर नील बेटाच्या दिवशी काय, तर सकाळी ७ भरतपूर बीच, दुपारी १ नॅचरल ब्रिज (समुद्रकाठची खडकाची नैसर्गिक कमान). मी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं टेबल काढलं तर त्या दिवशी ओहोटी सातच्या आसपास आणि भरती एकच्या. म्हणजे बरोब्बर उलटं! भरतपूरला ओहोटीत पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, खाली पोवळं, पोहणार कुठे? पोवळं जिवंत असतं, पाय पडला की मोडतं आणि आपल्यालाही कापतं. नॅचरल ब्रिजला मात्र खडकांवरून चालत जायचं असतं, तिथे ओहोटीच लागते.

फक्त दोन वेळांची अदलाबदल करा, एवढंच म्हणत होते मी. फोनवर "बघतो मॅडम", व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या टिका आणि शांतता. ऑफिस सुटल्यावर दादरला उतरून गेले तर साहेब बाहेर गेलेत. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "मॅडम, समुद्र काय पळून जाणारे का? सगळ्यांना हेच देतो आम्ही." तिसऱ्या वेळी गाडीचे जास्तीचे पैसे मागितले. चौथ्या वेळी मी टेबलची प्रिंट त्याच्या काचेवर ठेवली, सात आणि एकला पेनने गोल केला आणि खुर्चीत बसूनच राहिले, पाऊण तास. मग त्याने तिकडच्या ड्रायव्हरला फोन लावला, ड्रायव्हर म्हणे, "हां, वही सही है." दोन मिनिटांत काम झालं! तिथल्या माणसाला माहीत होतं, इथे कोणी विचारलंच नव्हतं.

तर सांगायचं हे की पैसे भरायच्या आधी वेळा लिहून घ्या. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मैत्रिणीच्या ट्रिपच्या वेळा आपल्याला चालत नाहीत, मुंबईच्या तर नाहीच नाही.

हॅवलॉकला (२०१८ पासून स्वराज द्वीप) राधानगर पोहायला, स्वच्छ वाळू, पायाखाली पोवळं नाही. स्नॉर्केलिंगला (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघायला) एलिफंट बीच, जेट्टीवरून बोट जाते, सकाळची पहिलीच घ्या. काळापत्थर बघायला सुंदर पण खडकाळ. जॉली बॉय बेटावर जायला परवाना लागतो आणि प्लास्टिक नेता येत नाही, आमचं राहूनच गेलं, अजून चुटपुट आहे.

मगरींचं मनावर घ्या. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका पर्यटक बाईचा मगरीने जीव घेतला होता. पाटी असेल तिथे उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी तर नाहीच, मग बोटवाला काहीही म्हणो.

हो, आणि स्नॉर्केलिंगचा मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबून नाकाने श्वास ओढून बघा, चिकटून राहिला तर पाणी शिरत नाही. नवऱ्याच्या मिशीतून शिरत होतं, त्याने तिसऱ्या दिवशी मिशी उतरवली. डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाण्यातलं सगळं दुपारपर्यंत उरका.

भरतपूरला एकला उतरलो तेव्हा पाणी माझ्या खांद्यापर्यंत होतं. डोकं आत घातलं तर बारीक कटकट ऐकू येत होती, एक हिरवा-निळा पोपटमासा पोवळं कुरतडत होता. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली, आणि वर येऊन पहिलं वाक्य, "आई, आवाज ऐकलास?"