स्लिट-स्कॅन रिग: ४४ पट्ट्यांचा छडा लागला

पट्टे गेले. स्लिट-स्कॅन म्हणजे शटर उघडं ठेवून कॅमेरा एका अरुंद उभ्या फटीकडे (स्लिट) आणायचा आणि फटीमागे उजळलेलं पारदर्शी चित्र सरकवायचं. फोटोत ते दूरवर जाणाऱ्या भिंतीसारखं पसरतं. स्लिटमागे चित्र न लावता, नुसत्या पांढऱ्या लाइटबॉक्सवर काढलेली फ्रेम आता मध्यापासून कडेपर्यंत एकसारखी राखाडी येते. लेव्हल्स कितीही ताणल्या तरी उभ्या रेघा डोकं वर काढत नाहीत. मागच्या नोंदीत घोडं इथेच अडलं होतं, त्यामुळे या वेळी बहुतेक जागा त्यालाच.

आधी चालू मापं, म्हणजे पुढचे आकडे लागतील. फुल-फ्रेम सेन्सर, २४ मिमीची मॅन्युअल लेन्स, एफ/८, आयएसओ १००. स्लिट १ मिमी रुंद, लेन्सच्या अक्षापासून १५० मिमी बाजूला. कॅमेरा २००० मिमीपासून २०० मिमीपर्यंत ३० सेकंदांत पुढे येतो. जीटी२ (२ मिमी पिचचा दातेरी) बेल्ट, २० दातांची पुली, नेमा १७ स्टेपर मोटर. जवळ फोकस करताना लेन्स पुढे सरकते आणि प्रतिमा थोडी मोठी होते, म्हणून स्लिट साधारण २२५ मिमीलाच फ्रेमबाहेर जाते. उरलेले २५ मिमी ब्रेक लावायला मिळतात, ही आयती सोय. अंतर मोजायचं ते एंट्रन्स प्युपिलपासून (समोरून बघताना लेन्सचं छिद्र जिथे दिसतं तिथून), सेन्सरपासून नाही. १० मिमीचा फरक दोन मीटरवर जाणवत नाही, २०० मिमीवर मात्र तो ५ टक्के होतो आणि वेगाचा सगळा आलेख कडेला बिघडतो.

वेगाचा नियम मागच्या नोंदीतलाच आहे. प्रतिमेतल्या एका बिंदूवरून स्लिट सरकायला लागणारा वेळ म्हणजे स्लिटची रुंदी गुणिले कॅमेऱ्याचं अंतर, भागिले बाजूचं अंतर गुणिले वेग. कॅमेरा एकाच वेगाने आणला तर लांबचा भाग, म्हणजे फ्रेमचा मध्य, जवळच्या भागाच्या १० पट उजळतो. ३.३ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणून वेग अंतराच्या प्रमाणात कमी करत न्यायचा: सुरुवातीला सेकंदाला १५४ मिमी, अखेरीस १५.४ मिमी. असं केलं की प्रत्येक बिंदूला ०.०८७ सेकंद, म्हणजे साधारण १/१२ सेकंदाचं एक्सपोजर मिळतं. शटर भले अर्धा मिनिट उघडं असो, मीटरिंग या १/१२ वर करायचं.

आता मूळ यंत्राकडे एकदा बघा. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटातल्या स्टार गेट या रंगीत बोगद्याच्या दृश्यासाठी डग्लस ट्रम्बुल यांनी जॉन व्हिटनी यांच्या प्रयोगांचा धागा पकडून जे स्लिट-स्कॅन यंत्र उभारलं, त्यात ६५ मिमीचा मिचेल कॅमेरा स्लिटपासून १५ फुटांवरून थेट दीड इंचावर यायचा, तोही एफ/१.८ वर, एका फ्रेमला साधारण एक मिनिट. १८० इंच ते दीड इंच म्हणजे १२० पट. एकाच वेगाने हे केलं तर मध्य आणि कड यांत जवळजवळ ७ स्टॉपची तफावत पडेल. एफ/१.८ ला इतक्या जवळ फोकसची खोली नावालाच उरते, म्हणजे फोकसही प्रवासाबरोबर सतत फिरत राहायला हवा. आणि हे सगळं संगणकाशिवाय. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे नुसतं शटर उघडं राहण्यात २४ मिनिटं. बोरहॅमवुडच्या एमजीएम स्टुडिओत या मंडळींनी काय चिकाटीने काम केलं असेल ते स्वतः रिग बांधल्याशिवाय कळत नाही.

तर पट्टे. कोऱ्या फ्रेममध्ये मध्याजवळ दाट आणि कडेकडे विरळ होत जाणाऱ्या उभ्या, फिकट रेघा दिसत होत्या. एका फ्रेममध्ये त्या जेमतेम दिसतात. पण चित्र लावून फ्रेमा ओळीने चालवल्या की भिंतीवरची नक्षी पळते आणि रेघा जागच्या जागी राहतात. मळक्या काचेतून बघितल्यासारखं वाटतं आणि खोलीचा भास तिथेच मरतो. त्यामुळे 'ग्रेडिंगमध्ये झाकू' हा उपाय इथे चालत नाही.

अशा रेघांना दोनच उगम असतात: उजेड लुकलुकतोय किंवा कॅमेऱ्याची गाडी अडखळतेय. ओळखायची पद्धत सोपी आहे. तोच प्रवास ३० ऐवजी ६० सेकंदांत करायचा. लुकलुक वेळेला बांधलेली असते, म्हणून रेघांची संख्या दुप्पट होईल. यांत्रिक दोष जागेला बांधलेला असतो, म्हणून रेघा होत्या तिथेच राहतील. इथे त्या तसूभरही हलल्या नाहीत. लाइटबॉक्सचं एलईडी पॅनल निर्दोष सुटलं. (पॅनलवर 'फ्लिकर-फ्री' छापलेलं असलं तरी इलेक्ट्रॉनिक शटर १/४००० ला ठेवून एक फोटो काढाच. पीडब्ल्यूएम डिमिंग (दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणं) असेल तर आडवे पट्टे लगेच दिसतात.)

पुढचा प्रश्न: कोणता भाग? इथे रेघांमधलं अंतर मोजणं कामाला आलं. प्रत्येक रेघेचं मध्यापासूनचं अंतर पिक्सेलमध्ये घ्यायचं, त्यावरून त्या क्षणी कॅमेरा स्लिटपासून किती मिमीवर होता ते काढायचं. फोकसमुळे बदलणारी प्रतिमेची मोठाई धरायला विसरू नका, २२५ मिमीवर ती १२ टक्के भरते. सगळ्या रेघा एका रांगेत लावल्यावर त्या दर ४० मिमीला पडत होत्या. २००० ते २२५ मिमीत ४४. आणि २० दात गुणिले २ मिमी पिच म्हणजे पुलीचा एक फेरा, बरोबर ४०.

पुलीवर डायल गेज लावल्यावर दातांच्या माथ्यावर ०.१२ मिमीचा एकूण डगमग मिळाला, म्हणजे ०.०६ मिमीची विकेंद्रता (पुलीचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून तेवढा सरकलेला). या पुलीची पिच त्रिज्या ६.३७ मिमी, म्हणून वेग फेऱ्यामागे अधिक-उणे ०.९४ टक्के बदलतो आणि उजेड त्याच्या उलट. जवळजवळ २ टक्क्यांचा चढउतार सपाट राखाडीवर डोळ्याला सहज सापडतो. कारण पुलीच्या बोअरमध्ये, म्हणजे मधल्या भोकात, आहे. ५ मिमीच्या शाफ्टवर बोअर जरा सैल असला की ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर पकडणारा बाजूचा स्क्रू) आवळताना तो अख्खी पुली एका बाजूला ढकलतो. स्क्रू जितका घट्ट तितकी पुली वाकडी बसते, म्हणून 'अजून आवळा' या सल्ल्याने काही होत नाही. बेल्टचा ताण वाढवूनही काही होत नाही.

उपाय म्हणजे चारही बाजूंनी सारखी पकडणारी क्लॅम्प हबची पुली. ती बसवल्यावर डगमग ०.०२ मिमीवर आला. पुली घेताना विक्रेता बोअरची टॉलरन्स लिहितो की नाही ते बघा. न लिहिणाऱ्याचा माल थ्रीडी प्रिंटरला चालून जाईल, इथे नाही. मोठी पुली लावणं हा दुसरा मार्ग, पण मग रिझोल्यूशन आणि टॉर्क दोन्ही जातात.

उरलेल्या ०.०१ मिमी विकेंद्रतेचा निकाल सॉफ्टवेअरने लागला. ही चूक प्रत्येक फेऱ्यात सारखीच येते, म्हणून मोटरच्या स्टेप टेबलमध्ये (कोणती पायरी कधी टाकायची त्या तक्त्यात) ४० मिमी आवर्तनाची एक साइन लहर उलटी मिळवली की ती पुसली जाते. अ‍ॅम्प्लिट्यूड आणि फेज काढायला वेगळं उपकरण लागत नाही. कोऱ्या फ्रेममधल्या प्रत्येक स्तंभाची सरासरी घ्या, तिला गुळगुळीत वक्राने भागा, अंतराच्या अक्षावर मांडा आणि साइन बसवा. एकच अट: होमिंगनंतर (गाडी सुरुवातीच्या जागी आणल्यावर) पुली नेहमी त्याच कोनात असली पाहिजे. बेल्ट एक दात जरी सरकला तरी फेज १८ अंशांनी चुकते आणि कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.

पट्टे घालवायला स्लिट रुंद करावी असं सुचवलं जातं, त्याचं गणित इथेच मांडतो. १ मिमीची स्लिट लांबवर भिंतीचा १३.३ मिमी आणि जवळ १.५ मिमी भाग सरासरीत मिसळते. ४० मिमीची लहर पूर्ण मिसळायची तर जवळच्या टोकाला स्लिट जवळजवळ २७ मिमी हवी, आणि चित्राचा तपशील तितकाच फाटतो. याच गणिताने मोटर ड्रायव्हर मात्र निर्दोष ठरतो. मायक्रोस्टेपिंगच्या (मोटरची एक पायरी बारीक तुकड्यांत टाकण्याच्या) चुका दर ०.८ मिमीला येतात, त्या १.५ मिमीच्या सरासरीत बहुतांशी विरून जातात. तरीही टीएमसी२२०९ हा ड्रायव्हर बसवलेला बरा, कारण गाडी हळू होताना मोटर ज्या घरघरीतून जाते ती यावर खूप कमी आहे.

फोकसचं काम अपेक्षेपेक्षा सरळ निघालं. फोकस रिंग फिरवून लेन्स किती बाहेर यायला हवी ते २००० मिमीवर ०.२९, ४०० वर १.५३ आणि २०० वर ३.२७ मिमी. म्हणजे रिंगचं निम्म्याहून अधिक फिरणं शेवटच्या २०० मिमीत होतं, आणि नेमका तिथेच कॅमेरा सर्वांत हळू असतो. ३२ बिंदूंचं टेबल आणि मधे सरळ रेषा एवढं पुरतं. रिंगच्या गिअरला मोकळीक असते, म्हणून सुरुवातीच्या जागी नेहमी एकाच बाजूने यायचं. दोन मीटरपासून २०० मिमीपर्यंत भिंत धारदार दिसते तेव्हा फार समाधान वाटतं. नुसतं लेन्सचं छिद्र लहान करून हे जमत नाही, या लेन्सला त्यासाठी एफ/४३ लागेल.

स्लिटचा पत्रा पातळच हवा. ३ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये १ मिमीची फट कापली तर १८ अंशांच्या पुढे ती बंदच होते, आणि आपल्याला कडेला जवळजवळ ३४ अंशांतून बघायचं आहे. ०.१ मिमी स्टीलची शिम पट्टी, दोन तुकडे समोरासमोर, कॅमेऱ्याकडची बाजू मॅट काळी.

खोलीतल्या उजेडाबद्दल पुन्हा एकदा, कारण इथे बरेच जण अडकतात. स्लिटचा उजेड प्रत्येक बिंदूला १/१२ सेकंद मिळतो, पण मास्कवरून, म्हणजे स्लिटभोवतीच्या पडद्यावरून, परावर्तित होणारा उजेड पूर्ण ३० सेकंद जमत राहतो. जवळजवळ ३५० पट, म्हणजे ८ स्टॉपहून जास्त. काळा कागद पुरत नाही, काळं मखमल लावा. ड्रायव्हर बोर्डवरचे इवलेसे दिवेही टेपने झाका. लाइटबॉक्स कंट्रोलरनेच चालू-बंद करायचा: कॅमेरा २१०० मिमीवरून निघतो, वेग स्थिरावतो आणि २००० ला दिवा लागतो. शटर बल्बवर, म्हणजे सांगेपर्यंत उघडं.

पुढचा टप्पा दुसरी भिंत हा होता. त्यासाठी मास्कमध्ये उलट बाजूला दुसरी स्लिट पुरते. दोन्ही स्लिटमागे एकच रुंद पारदर्शी चित्र सरकलं तरी चालतं, फक्त ते दोन वेगळ्या जागी वाचलं जाईल. पण हे लिहितानाच चित्राच्या सरकण्याचा विचार बदलला. सध्या चित्र वेळेच्या प्रमाणात, एकाच गतीने सरकतं. तसं केलं की फ्रेमागणिक प्रत्येक ठिपका ठरावीक पटीने मोठा होत बाहेर जातो, म्हणजे झूम. चित्र कॅमेऱ्याच्या अंतराशी बांधलं, १० मिमी प्रवासाला ठरावीक मिमी असं, तर खऱ्या भिंतीजवळून एका वेगाने उडाल्यासारखं दिसेल. दोन्ही फर्मवेअरमध्ये ठेवून एका प्रवासात एकातून दुसऱ्यात जाता आलं पाहिजे. त्यामुळे आधी चित्राचा अक्ष, मग दुसरी भिंत. नक्षीसाठी ट्रम्बुल यांच्या यादीतल्या गोष्टी अजूनही सर्वांत चांगल्या: वास्तुरेखाटनं, छापील सर्किट, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली स्फटिकांची छायाचित्रं. बारीक रेघा आणि मोठे काळे भाग असलेलंच चित्र भिंतीवर उठून दिसतं.

आणि एक मोठा बदल. पुलीची चूक टेबलमध्ये पुसण्यापेक्षा गाडीला दर ५ मायक्रॉनला एक पल्स देणारी चुंबकीय पट्टी लावून खरा वेग मोजायचा, आणि एलईडीचा करंट खऱ्या वेग आणि अंतर यांच्या भागाकाराच्या प्रमाणात ठेवायचा. गाडी जराशी मंदावली की उजेडही तितकाच कमी. मग पुली, बेल्ट, सुरुवातीचा झटका, कशाचीच छाप उजेडात उरणार नाही. ०.०६ मिमीच्या जागेच्या चुकीने आकारात काहीच दिसत नाही, दोष दिसतो तो फक्त उजेडात, म्हणून दुरुस्तीही उजेडातच करावी. मंद टोकाला २० मिलिसेकंदांत सत्तरेकच पल्स येतात, म्हणजे पल्स मोजून वेग काढला तर दीड टक्क्याची पायरी पडते, जवळजवळ मूळ दोषाएवढी. म्हणून दोन पल्समधला वेळ मोजायचा. आणि डिमिंग पीडब्ल्यूएमने अजिबात नाही, स्थिर करंटचा ड्रायव्हर लावून अ‍ॅनालॉगच. ५ टक्क्यांच्या आतबाहेर करंट बदलल्याने पांढऱ्या एलईडीचा रंग लक्षात येण्याइतका हलत नाही.