जुन्या रायफलच्या गोळ्या विखरतात तेव्हा नळीला शेवटी दोष द्या

गोळ्या विखरायला लागल्या की नळी झिजली असं ठरवून लोक मोकळे होतात. शिकारीच्या जुन्या रायफलमध्ये दोष बहुधा दस्त्याच्या लाकडात, सैल स्क्रूंमध्ये किंवा गोळ्यांमुळे नळीत साचलेल्या तांब्यात असतो, आणि हे तिन्ही घरी सुधारता येतं.

आधी बोल्ट मागे घ्या, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री करा. काडतुसं त्या खोलीतही नकोत.

सुरुवात दुर्बिणीपासून. बेसचे (दुर्बीण ज्यावर बसते त्या पट्टीचे) स्क्रू काढून आट्यांतलं तेल पुसा आणि परत बसवा. दुर्बीण धरणाऱ्या रिंगांना 15 ते 20 इंच-पाऊंड (टॉर्क रेंचवरचं घट्टपणाचं माप) पुरतात, जास्त पिळलं तर दुर्बिणीची नळी चेपते. दस्त्याचे स्क्रू लाकडात 35 ते 45 इंच-पाऊंड, पुढचा आधी, मग मागचा. मधला स्क्रू असेल तर तो नुसता टेकवा, नाहीतर ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) वाकते.

मग सफाई. रॉड नेहमी चेंबरकडून, बोअर गाइडमधून (रॉड नळीच्या मध्यावर ठेवणाऱ्या नळकांड्यातून) घाला; तोंडाकडून घातलेला रॉड नळीच्या तोंडाची कड झिजवतो आणि नेम तिथेच बिघडतो. तांबं काढणाऱ्या अमोनियाच्या द्रावणासोबत नायलॉनचा ब्रश वापरा. पितळी ब्रश स्वतःच विरघळतो, मग नळी स्वच्छ झाली तरी चिंधी निळी निघत राहते. द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा, शेवटी नळी कोरडी करून तेलाचा हलका हात द्या.

खरी गंमत दस्त्यात आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, नळीला एका बाजूने टेकतं आणि गोळ्या सरकतात. रायफल उभी धरून एक बोट नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाला नळी उसळल्याची जाणीव झाली, तर ॲक्शन ताणाखाली बसलेली आहे. यावर उपाय इपॉक्सी बेडिंग, म्हणजे ॲक्शनला इपॉक्सीची घट्ट बैठक करणं. रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालच्या, धक्का लाकडाला देणाऱ्या उंचवट्याच्या) मागची जागा 2–3 मिलिमीटर कोरा. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंना टेपचा एकेक थर लावा. मागची बाजू मात्र उघडी हवी, कारण धक्का तिथेच बसतो. भोकं आणि खाचा मऊ क्लेने बुजवा, धातूच्या प्रत्येक भागाला रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) दोनदा लावा. एक कोपरा जरी सुटला तरी रायफल दस्त्याला कायमची चिकटते. मग कोरलेल्या जागेत इपॉक्सी भरून ॲक्शन बसवा, स्क्रू पिळून घट्ट न करता हलकेच लावा आणि 24 तास हात लावू नका.

पुढच्या लाकडात नळीभोवती जाड कागदाची पट्टी सहज सरकेल इतकी फट ठेवावी. पण काही रायफलींच्या नळीला टोकाशी मुद्दाम दाब दिलेला असतो. तो दाब देणारा लाकडाचा उंचवटा कोरण्याआधी ॲक्शनखाली कागदाची घडी घालून आणि काढून, दोन्ही प्रकारे गोळ्या मारून बघा; एकदा काढलेलं लाकूड परत येत नाही.

चापाचा सीअर (चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवणारा भाग) घरी घासू नका. धक्क्याने आपोआप बार उडू शकतो. ते काम आणि नळीच्या तोंडाची कड नवी करणं, दोन्ही बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर एकाच प्रकारच्या काडतुसांनी 100 मीटरवर पाच गोळ्यांचा गट घ्या, नळी मधे थंड होऊ देत. सफाईनंतरच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या मोजू नका. एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग, गट मोजायचं माप) म्हणजे या अंतरावर 29 मिलिमीटर. शिकारीच्या रायफलला 45 मिलिमीटरचा गट (सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर) उत्तम समजावा. गट तरीही फुटत असेल, तर आधी गोळीचं वजन बदला. लांब, जड गोळीला नळीतला पीळ (आतल्या खाचांचं वळण) वेगवान लागतो.